नवमीला न पेटलेला हंडा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी हंडा आहे. जाड अंगाचा, बोल्टांनी आवळलेल्या झाकणाचा. साहेबलोक मला ऑटोक्लेव्ह म्हणत, पण मला घासणारी पावणे गावची गंगूआत्या म्हणायची, "आमचा ठोंब्या!" राग यायचा मला, खोटं कशाला सांगू?

सदुसष्ट साली मी खाडीकाठच्या एका नव्या कारखान्यात आलो. तिथे बोनकोडे गावचा जयदेव झिओलाइट बनवू पाहत होता. झिओलाइट म्हणजे पांढरे बारीक स्फटिक. दिसायला मिठासारखे, पण अंगभर डोळ्यांना न दिसणारी भोकं, आणि त्या भोकांत पाणी शोषून घ्यायची भारी हौस. माल परदेशातून यायचा, म्हणून जयदेव तो इथेच करायची नवी रीत शोधत होता. सिलिकेट, अल्युमिना आणि कॉस्टिक सोडा कालवायचा, माझ्या पोटात ओतायचा आणि लगेच जाळ करायचा. बाहेर काय यायचं? पांढरी पेज! दर वेळी पेजच.

शेवटी मालक गोवर्धनशेठ वैतागले. "जयदेव, ही शेवटची खेप. नाही जमलं तर हा हंडा भंगारात आणि तुझं खूळ बंद."

भंगारात? मी?

दुसऱ्या दिवशी जयदेवने सकाळीच मिश्रण माझ्यात ओतलं, झाकण आवळलं. काडी ओढणार, तोच गंगूआत्या हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन आली.

"अरं बाला, आज खंडेनवमी हाय! आज त्याला कामाला लावायचा नाय."

जयदेवने कपाळावर हात मारला. कामाच्या नादात तो सण साफ विसरला होता. "आत्या, थांबलो तर सगळं वाया जाईल गं!"

"जाऊंदे. पूजलेल्या हंड्याखाली जाळ मी नाय करू देनार."

तिने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं. तिच्यापुढे त्याचं काय चालणार? मी हार घालून बसलो खरा, पण सगळा जीव टांगणीला. नवमी गेली, दसऱ्याची सुट्टीही गेली.

मग एकदाचा जाळ झाला. निवल्यावर झाकण उघडलं, तर पेज नव्हती! तळाशी शुभ्र पूड बसलेली. जयदेवने ती धुतली, वाळवली, कडक भाजली. गार झाल्यावर चिमूटभर तळहातावर घेऊन वर पाण्याचा थेंब टाकला.

"आई गं, चटका!" तो ओरडला आणि हसतच सुटला. अस्सल झिओलाइट पाणी पिताना तापतं ना! बघायला आलेल्या शेठनीही चटका घ्यायला हात पुढे केला. "जमलं की रे!" हुश्श! किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

घाईचा जाळच नडत होता. मिश्रण गार, निवांत पडून राहिलं, तेव्हा त्यात स्फटिकांनी मूळ धरलं. तेव्हापासून जयदेव प्रत्येक खेप आधी मुरत ठेवू लागला.

"मंग रोजच नवमी करा!" आत्या म्हणाली.

मित्रांनो, आता मोठी यंत्रं आलीत. मला अधूनमधून पुसा, तेलाचा हात फिरवा, एवढंच मागणं. आणि तुमच्यातल्या कुणाला एखादी गोष्ट जमत नसेल, तर त्याच्याखाली लगेच जाळ करू नका. थोडं थांबा. आत काहीतरी मूळ धरत असेल.