जखम भरली की मला पुसतात

मी एक पेशी बोलतेय. स्नायूतली मूळ पेशी, पण हाडामांसाची नव्हे. संगणकाच्या पडद्यावरचा हिरवा ठिपका. मला अंग नाही, राग मात्र आहे, आणि तो आज ऐकवल्याशिवाय मी राहणार नाही.

खऱ्या शरीरात माझ्या बहिणी स्नायूच्या धाग्याला बिलगून झोपलेल्या असतात. धागा तुटला की उठतात, एकीच्या अनेक होतात. बऱ्याचशा धागा सांधायला जातात, थोड्या पुन्हा झोपायला परततात. हे परतणंच महत्त्वाचं, बरं का. एका दुकानदारानं सणासुदीच्या गर्दीत गोदाम झाडून विकलं, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या गिऱ्हाइकासमोर हात चोळत बसला. आमची झोप म्हणजे आमचं गोदाम.

मला घडवलं ताईनं, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, गार झालेल्या चहाशेजारी बसून. तिच्या थोरल्या भावाला, दादाला, स्नायू झिजण्याचा आजार. कठडा धरल्याशिवाय त्याला जिना चढवत नाही. त्याच्यासाठीच तिनं संगणकावर हा स्नायूचा खेळ मांडला: जखम करायची, आणि आम्ही ती कशी भरतो ते बघायचं.

पण संगणक सगळ्यांचा, मागे इतरांची रांग. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा, सरांचा, दंडक होता: जखम भरली की तिथंच थांबायचं. मी उठायची, राबायची, जखम भरायची, आणि मला पुसून टाकायचे. काम झाल्यावर माझं काय झालं, कुणी विचारलं नाही.

मग दादाच्या झिजलेल्या स्नायूशी जुळावी म्हणून मला म्हातारी केलं. मी उशिरा उठू लागले.

"आळशी झालीय ही," सर म्हणाले. "हलवून उठवणारं औषध घाला."

आळशी! आजूबाजूला सूज, चरबी, राठ झालेलं जाळं. असल्या शेजारात धड झोप लागते कुणाला, आणि वेळेवर हाक ऐकू येते कुणाला? शेजार बिघडलेला, आणि बोल मला.

औषध घातलं. आम्ही सगळ्याजणी एकदम उठलो, जखम झटक्यात भरली, खेळ थांबला. सर खूश. झोपायला जेमतेम दोघी-तिघी परतल्या, ते कुणी पाहिलंच नाही. तेच औषध आता माणसांना देऊन पाहायचं ठरलं. पहिल्या रुग्णांत दादाचं नाव.

एका दुपारी दादा स्वतःच बघायला आला. खुर्चीत टेकला, बिस्किटाचा पुडा फोडला.

"ही हिरवी म्हणजे तुझी लाडकी का गं?"

"हो. बघ, कशी भराभर भरते."

"मग पुढं?"

"पुढं काय? भरली, थांबलं."

दादा हसला. "वेडे, मी काय एकदाच पडतो? काल न्हाणीघरात, परवा बसच्या पायरीवर. माझ्याकडे जखम मुक्कामालाच आलीय."

"तू बिस्किटं खा," ताई म्हणाली. पण तिचा हात थांबला होता. या आजारात नुसतं चाललं तरी धागे तुटतात, हे तिला ठाऊक होतं. पडद्यासमोर बसून बसून विसरली होती.

तिनं आज्ञावलीतली थांबण्याची ओळ काढून टाकली, आणि औषध तसंच ठेवून जखमेवर जखम करत गेली. दुसऱ्या जखमेला आम्ही मोजक्याच उठलो. तिसरीला मी एकटी. त्यानंतर कुणीच नाही. पडदा नुसता करडा.

दादानं हातातलं बिस्कीट खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सर वैतागले. "चांगल्या निकालाला दृष्ट लावलीस. एका ठिपक्यासाठी औषध अडवायचं?"

"ठिपक्यासाठी नाही, सर. माझा भाऊ पडला तर पुन्हा उभा राहील का, ते दिसतंय इथं."

सरांनी करड्या पडद्याकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले. "परत चालव," म्हणाले. "आणि या वेळी थांबवू नकोस."

औषध लांबणीवर पडलं. संध्याकाळी दादा पुन्हा आला, तेव्हा ताईनं त्याला सांगितलं.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"हे नाही, दादा. आता आधी पेशींचा शेजार सुधारून बघते, ती सूज, ती चरबी."

तो खुर्चीचे हात धरून उठला. मग म्हणाला, "चल, जिन्यापर्यंत सोड मला."

लोकहो, मला म्हातारी म्हणा, हवं तर पुसा. पण जखम भरली म्हणून लगेच पाठ फिरवू नका. दादा कठडा धरून जिना उतरतोय. तो पुन्हा पडेल. तेव्हा उठायला आत कुणीतरी झोपलेलं असू द्या.