डबीतला हर्विन

बरोबर एक वाजता ब्रदर सालुसने हात वर केला आणि अंगणातली दीडशे माणसं गप्प झाली. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या, असं लोक नंतर सांगत. त्यात काही तथ्य नव्हतं. कोंबड्या रोजच्यासारख्याच कलकलत होत्या.

ओसरीवर नुकत्याच वारलेल्या हर्विनचा अ‍ॅम्प्लिफायर चालू होता. त्याला जोडलेलं त्याचं पेडल, म्हणजे पायाने दाबताच गिटारचा सूर फाडून गुरगुरायला लावणारी पत्र्याची डबी, पुढ्यात उताणी पडली होती. तिचं तळाचं झाकण काढलेलं होतं. "आत्मा आत गुदमरतो," असं ब्रदरचं म्हणणं.

"नांग पुरिंग, धरा."

हर्विनच्या आईने, गाव जिला 'नांग' म्हणजे ताई म्हणायचं तिने, डबीतून बाहेर काढलेल्या लांब वायरीचं मोकळं टोक मुठीत धरलं. खरखर एकदम वाढली, आणि त्या खरखरीतून तरुण पुरुषाचा आवाज आला. शब्द चावून टाकलेले होते, पण बोलणारा माणूस होता यात शंका नाही. लोकांनी छातीवर क्रुसाच्या खुणा केल्या.

"आईचा हात ओळखला लेकराने!" ब्रदर गरजला. "चाळीस दिवस झाले की आत्मा निघून जातो म्हणतात. हा का जाईल? मी दार उघडं ठेवलंय! बोल बाळा… हं… हं… म्हणतोय, आई, सुया टोचून घेऊ नकोस. तुझं दुखणं मी माझ्याकडे घेतलंय!"

पुरिंग रडत रडत हसली. तिच्या डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं.

सगळ्यात मागे, फणसाखाली, सेरापियो उभा होता. बालिरोंग गावातले बिघडलेले पंखे आणि रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस; लोक त्याला 'नोंग पियो' म्हणत, नोंग म्हणजे दादा. ती डबी त्याने आणि हर्विनने मिळून, दुकानाच्या फळीवर बसून बनवली होती. सोल्डरिंगचा एकेक डाग द्यायला त्याने पोराला शिकवलं होतं. पुलाजवळ ट्रकने हर्विनची मोटरसायकल उडवली, तेव्हा त्याचं प्रेत ओळखायलाही सेरापियोच गेला होता. चाळिसाव्या दिवशीची प्रार्थना, आत्म्याच्या निरोपाचं ताट सगळं ठरलं होतं, आणि दोन दिवस आधी, मेलेल्यांशी बोलतो म्हणणारा हा ब्रदर उगवला.

आवाज कुठून येतो, हे सेरापियोला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण पुरिंगचा चेहरा बघून त्याने तोंड मिटलं. बाईला चार दिवस धीर मिळतोय, कुणाचं काय जातं? आणि खरं सांगायचं तर तो स्वतःही रोज एक वाजता दुकान बंद करून इथे येत होता.

ब्रदर आल्याच्या बाराव्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर विल्यासेरान त्याच्या दुकानात शिरल्या. त्यांनी बसायलाही नकार दिला.

"नोंग पियो, नांग पुरिंगने इन्सुलिन बंद केलंय. पायाची जखम काळी पडतेय. मी घरी गेले तर म्हणाली, माझा मुलगा नको म्हणतो."

"किती दिवस आहेत हातात?"

"दिवस कसले मोजताय? आजच इस्पितळात न्यायला हवं."

सेरापियोने झटकन हत्यारांची पेटी उचलली. खिशाएवढा रेडिओ घेतला, आणि मांडणीवरचं एक कोरं पेडलही घेतलं.

अंगणात आवाज नुकताच सुरू झाला होता. सेरापियो सरळ ओसरीवर चढला आणि रेडिओचं बटण फिरवलं. टेकडीवरच्या नव्या रेडिओ केंद्रावर, रोज एक वाजता लागणाऱ्या कार्यक्रमात, एक तरुण निवेदक श्रोत्यांची पत्रं वाचत होता. रेडिओ थांबला की डबी थांबे, रेडिओ हसला की डबी हसे.

"बघा, बघा!" ब्रदर डगमगला नाही. "आता तर रेडिओतूनही बोलायला लागला!"

"वा! आणि बोलता बोलता कपडे धुण्याच्या साबणाची जाहिरातही करतोय?" मासे विकणारी लोलेंग ओरडली. पुढची दोन माणसं हसली, बाकीच्यांनी त्यांना दटावलं.

"लोलेंग, तूच ये वर," सेरापियो म्हणाला. "धर ही वायर."

तिने धरली. आवाज तितकाच वाढला.

"मी काही त्याची आई नाही गं बाई!" लोलेंगने वायर टाकून दिली.

सेरापियोने नवं पेडल काढलं. "ही डबी परवा बनवलीये. कोणी मेलेलं नाही हिच्यात." त्याने तळझाकण काढलं, आतली अर्थिंगची तार कापली, हर्विनच्या डबीची लांब वायर आणि अ‍ॅम्प्लिफायर हिला जोडून वायरीचं टोक मुठीत धरलं. खरखर झाली, आणि तोच निवेदक बोलायला लागला.

"ब्रदर, हा कुणाचा मुलगा?"

ब्रदर सालुस मागच्या दाराकडे एक पाऊल सरकला.

"लांब वायर एरियलसारखी रेडिओच्या लहरी पकडते," सेरापियो लोकांना सांगू लागला. "माणसाने हात लावला की त्याचं अंगही एरियलचंच काम करतं. आवाज फाडणाऱ्या या भागातून त्या लहरींतलं बोलणं सुटं होतं, आणि अ‍ॅम्प्लिफायर ते मोठं करतो. पत्र्याची बंद डबी आणि अर्थिंग लहरींना आत येऊ देत नाहीत. म्हणून याने आधी झाकण काढलं आणि तार तोडली. हर्विन जिवंत असताना ही डबी कधी बोलली होती का?"

त्याने हर्विनची डबी परत अ‍ॅम्प्लिफायरला लावली आणि तिच्यातली तुटकी तार डाग देऊन जोडली; आवाज पुसट उरला. झाकण बसवायला घेतलं, तोच पुरिंगने त्याचा हात धरला.

"पियो, नको रे. असू दे ना उघडी. तुझं काय बिघडतंय?"

त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तरी त्याने चारही स्क्रू आवळले. आवाज पुसला गेला. अंगणात कुणी टाळी वाजवली नाही. ब्रदर सालुस मागच्या दाराने निसटला, आणि त्याला अडवण्याचं कुणालाच सुचलं नाही. सगळे पुरिंगकडे बघत होते. मुलगा दुसऱ्यांदा गेल्यावर बाई जशी रडेल, तशी ती रडत होती.

इस्पितळात तिचा जीव वाचला. पाय मात्र घोट्यापासून कापावा लागला. चार दिवस आधी आणलं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं, असं तिथल्या सर्जनने सांगितलं.

सेरापियो भेटायला गेला तेव्हा तिने सरळच विचारलं.

"तुला केव्हा कळलं होतं?"

खोटं बोलायचं त्याच्या अगदी ओठांवर आलं. "पहिल्या दिवशी, नांग."

"मग?"

"तुम्हाला बरं वाटत होतं. आणि… मलाही तो आवाज ऐकावासा वाटत होता."

पुरिंग चिडली नाही. "मला त्यातलं काही कळत नव्हतं, पियो," ती हळूच म्हणाली. "तुला कळत होतं."

ब्रदर सालुस एव्हाना दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या कुठल्या आईसमोर एखादं झाकण उघडत असेल. त्याची लबाडी उघडी पाडणं फारसं अवघड नाही. एक रेडिओ आणि एक कोरी डबी पुरते. अवघड असतं ते रडणाऱ्या माणसासमोर खरं बोलणं. म्हणून ज्यांना ठाऊक आहे त्यांना हात जोडून विनंती आहे, की दयेपोटी गप्प राहू नका. पहिल्याच दिवशी बोला. माणूस रडेल, तुमच्यावर रागावेल, पण चालत घरी जाईल.