कोठीच्या आडचं नेट

उघडा लॅपटॉप परातीसारखा दोन्ही हातांवर धरून सरिता ओट्यापाशी थांबली. इथे वायफायच्या दोन रेघा दिसत होत्या. ती मधल्या खोलीकडे सरकली. एकच उरली.

चार वाजता पुण्याच्या कंपनीची मुलाखत होती. गेल्या गुरुवारची अर्ध्यातच तुटली होती. आजची संधी शेवटची, असं त्यांनी कळवलं होतं. दीड वाजून गेला होता.

तिने सगळं करून पाहिलं होतं. राउटर भिंतीवरच्या बटणाने बंद-चालू केला, पासवर्ड काढून पुन्हा टाकला. राउटरच्या वायफायची दोन नावं होती, एक वेगवान आणि एक साधं. वेगवान नाव या जुन्या लॅपटॉपला दिसतच नव्हतं, आणि साध्यावर चित्र अडकत होतं. नेटवाला म्हणाला, लॅपटॉपच बदला. मोबाइलची रेंज गच्चीवरही धड मिळत नव्हती. कांदा घेऊन लासलगावला गेलेला नवरा, हर्षल, फोनवर म्हणाला की पुढच्या वेळी बघू.

सरिताने जुन्या कॅलेंडरच्या मागे घराचा नकाशा काढला आणि जागोजागी फिरून रेघा मांडल्या. जिथे जिथे रेघ गळत होती, तिथून राउटरकडे पाहिलं की मध्ये गव्हाची कोठी येत होती. वैशाखात भरताना ती राउटरच्या कोनाड्याला लावून उभी केली होती. पत्र्याची, आत तीन पोती गहू. मागे हात जात नव्हता आणि भरलेली कोठी हलत नव्हती.

नवा गहू पोळ्याआधी काढायचा नाही, हा सासूबाईंचा, चतुराबाईंचा नेम. पोळा अजून दोन महिने लांब होता. त्यात त्या पुण्याबद्दल दहा दिवस बोलल्या नव्हत्या. हर्षलही जाईल का, एवढंच एकदा विचारलं होतं.

आत्ता त्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. सरिताने कॅलेंडर त्यांच्यापुढे धरलं.

"आई, कोठी आडवी येतेय."

चतुराबाईंनी नकाशावरच्या कोठीवर बोट ठेवलं. मग लुगड्यावरची सालं झटकली.

"तुझ्या नेटाला पोळ्यापर्यंत दम निघायचा नाय. पोती आण."

त्यांनीच कोठीचं खालचं झाकण काढलं. गहू धारेने येऊ लागला. एकीने पोतं धरायचं, दुसरीने सुपाने लोटायचं. सव्वातीनला रिकामी कोठी खरडत बाजूला गेली. सरिताने राउटर ओढून दारावरच्या फळीवर ठेवला. मधल्या खोलीत सगळ्या रेघा भरल्या. एक व्हिडिओ लावून पाहिला, तो कुठेच थांबला नाही.

तोंड धुऊन, कपडे बदलून ती बसणार, तोच आतून पोतं ओढल्याचा आवाज आला. ती दारात गेली. दोन पोती तशीच उघडी होती. तिसऱ्याचं तोंड चतुराबाई दाभणाने शिवत होत्या.

"हे कशाला शिवताय?"

"तिकडं पुण्यात विकतचं पीठ खाणार व्हय? हर्षलला तसल्या पिठाची पोळी चालायची नाय."

त्यांनी टाका ओढून घट्ट केला.

"बस जा. चार वाजले."