फडकं : अर्थ चौथा

...तांबड्या पेन्सिलीची रेघ. शब्दकोशाच्या कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मधे कुठे हात अडखळल्याची खूणसुद्धा नाही. ‘फडकं. अर्थ चौथा – नुकतंच जन्मलेलं मूल ज्यात घेतात ते जुनं, मऊ कापड.’ आणि खाली मुख्य संपादकांचं वळणदार अक्षर : आधार नाही.

आधार नाही! चाळीस वर्षं आई सुईण होती. जुन्या चादरीचे तुकडे उकळून, वाळवून पिशवीत घालायची आणि बाळंतिणीच्या दारातूनच ओरडायची – ‘‘फडकं काढ गं आधी, बाकीचं मागनं!’’ फाडलेलं म्हणून फडकं, असं तिचं म्हणणं. कार्डावर शब्दाच्या उगमाच्या रकान्यात लेकीनं ते लिहिलं तेव्हा साहेब मिशीतल्या मिशीत हसले होते. हसा! पुसायचं, झाकायचं, बांधायचं – हे तीन अर्थ मात्र कोशात जाणार, कारण कुणा ना कुणा लेखकानं ते पुस्तकात लिहिलेत. बाळंतिणीच्या खोलीत कुठला लेखक गेला होता मेला?

आई जाऊन चार महिने झाले होते. तिचं म्हणून एवढं एक राहावं... आणि पानं पाचला छापखान्यात जायची होती. ती तडक साहेबांच्या टेबलापाशी गेली.

‘‘सर, माझी आई हा शब्द रोज वापरायची.’’

‘‘आई सगळ्यांनाच असते, बाई.’’ साहेब चष्मा पुसत होते – फडक्यानंच, अर्थ पहिला. ‘‘छापील दाखला आणा, रेघ खोडतो. नियम तुम्हीच केलात ना?’’

केला होता. अकरा वर्षांपूर्वी, भर बैठकीत, ताठ मानेनं. पण दाखला मिळेल, रद्द कार्डांत काहीतरी असेलच – तिनं खालचा खण ओढला, ‘फ’चा गठ्ठा सोडला... आणि हात थांबला. कुण्या परिचारिकेनं पोस्टानं पाठवलेलं कार्ड : ‘फडकं – जन्मलेलं मूल ज्यात घेतात ते. इथल्या सगळ्या सुइणी म्हणतात.’ खाली शेरा. छापील आधार नाही, रद्द. अक्षर तिचं. सही तिची.

अर्थ तिला ठाऊक नव्हता थोडाच! पण ‘हो, माझी आई असंच म्हणते’ असं बोलायचं म्हणजे आई काय करते तेही सांगावं लागलं असतं... लाज वाटली होती, दुसरं काय. कार्ड रद्द केलं त्या संध्याकाळी आई भिंतीला टेकून चादर फाडत बसली होती. ‘‘काय काम केलंस गं आज?’’

‘‘काही नाही. फालतू कार्डं निवडून टाकली.’’

‘‘बरं केलंस,’’ म्हणाली होती आई, आणि पुन्हा टर्रकन् कापड फाडलं होतं.

पावणेपाच. साहेबांनी पानं बांधायला घेतली होती. राग तितकाच होता, रतीभरही उतरला नव्हता. पण मघापर्यंत त्या रागाला जायला साहेबांचं टेबल होतं. ती दोन्ही कार्डं हातात धरून उभी राहिली – एकावर त्यांची रेघ, एकावर आपली – आणि आधी कुठलं पुढे करायचं ते तिला काही केल्या ठरवता येईना.