मगनची जीप डिझेलवर जाते

"अक्का, मांगे सर! साखई तुटनी ते चेंदा व्हई जाई तुना!" हिलाल मिस्त्री ओरडला.

शेवंताबाई दोन पावलं मागे सरली, पण नजर वरच होती. तिपाईला साखळीनं टांगलेलं जीपचं इंजिन संथ गिरकी घेत होतं आणि त्याच्या पोटातलं काळं तेल खाली घमेल्यात ठिबकत होतं. लग्न झाल्यापासून ती या जीपमध्ये बसत आली होती, पण बॉनेटखाली काय असतं ते तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

"इतलं जड ऱ्हास हाई?"

"मंग? तुले काय वाटनं, तेलना डब्बा शे?"

जीप तिच्या नवऱ्याची, मगनची. नरडाण्याच्या स्टेशनावर उतरलेली माणसं तो आतल्या खेड्यांत पोचवायचा. जिथं एसटी जायला धजत नसे तिथं, नाल्यातल्या वाळूतून, काळ्या रानातल्या चाकोऱ्यांतून त्याची गाडी जायची. गेल्या पोळ्याला त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. वाचा गेली, एक 'हं' तेवढा उरला. जीप अंगणात उभी राहिली. शेवंताबाईचा धाकटा भाऊ लोटन ती चालवायला तयार होता, पण पेट्रोलच्या भावात फेरी परवडेना. तेव्हा धुळ्याच्या हिलाल मिस्त्रीनं तोड काढली. मोडीत निघालेल्या मॅटेडोरचं डिझेल इंजिन मिळत होतं. ते जीपमध्ये बसवायचं.

"दाजीले काय इचारस?" लोटन म्हणाला होता. "त्यासले आते काय समजस?"

शेवंताबाईला ते पटलं नाही. खाटेजवळ बसून तिनं मगनला सगळं सांगितलं. त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या रात्री भाकरीला शिवलाही नाही. तरी सकाळी तिनं लोटनला जीप काढायला लावली. आजवर ती मगनच्या शब्दाबाहेर कधी गेली नव्हती. आता त्याला शब्दच राहिला नव्हता, तेव्हा गेली, हे तिच्या मनाला लागून राहिलं.

लोटनला वाटलं, बहीण गाडी धुळ्याला सोडून माघारी येईल. पण थोरल्या जावेला मगनजवळ बसवून ती रोजच एसटीनं धुळ्याला जाऊ लागली.

"मिस्त्री लबाडी करी म्हनीसन जास का?" लोटननं विचारलं.

"नही रे. माले देखनं शे."

पाहण्यासारखं खूप होतं. नवं इंजिन जीपच्या पोटात उतरवलं तर ते गिअरबॉक्सला जुळेचना, दोन्हींची भोकंच वेगळी. हिलालनं तिला वाकून दाखवलं. "हाई देख. इंजनना भोक येगया शेतस, गिअरबॉक्सना येगया. दोन्हीसले जोडाले मधमा लोखंडनी प्लेट पाह्यजे. सोयरीक जुयाडाले मध्यस्थ लागस ना? तसं."

"आनि मध्यस्थच वाकडा निंघना ते?"

हिलाल हसला. "मंग बठ्ठं परत खोलानं!"

आणि तसंच झालं. लेथवर प्लेट कापून आणली, बोल्ट आवळले, इंजिन धूर ओकत सुरूही झालं. पण लोटननं क्लच दाबून गिअर टाकला तर आतून दात खाल्ल्यासारखी करकर आली. गिअर पडेना. प्लेट केसभर सरकली होती. सगळं पुन्हा खाली उतरवायचं म्हटल्यावर लोटननं कपाळावर हात मारला. हिलालही वरमला. शेवंताबाईला मात्र मनातून बरं वाटलं. तिला ते सगळं पुन्हा उघडं बघायला मिळणार होतं.

घरी आल्यावर ती मगनला रोजची हकीकत सांगायची. तो डोळे मिटून पडलेला असायचा. झोपलाय की ऐकतोय, कळायचं नाही. ती सांगतच राहायची. त्या संध्याकाळी तिनं ताटात एक भाकरी ठेवली, तिच्यावर ताटली उपडी घातली आणि ताटलीवर दुसरी भाकरी ठेवली.

"हाई इंजन, हाई गिअरबॉक्स. मधमा हाऊ मध्यस्थ. तो इतलासा सरकेल शे, म्हनीसन दात खास."

काहीच हालचाल नाही. ती ताट उचलायला वाकली, तेवढ्यात मगनचा डावा हात पांघरुणाबाहेर आला. त्यानं बोटानं ताटली जराशी ढकलली. मग वरची भाकरी ढकलली. कडेला कड मिळाली. थोडा वेळ तो त्याकडे बघत राहिला आणि मग त्याच भाकरीचा तुकडा मोडून त्यानं तोंडात घातला.

 शेवंताबाईनं भाजीची वाटी पुढे सरकवली.

गाडी तयार झाली तेव्हा ती लोटनच्या शेजारी बसून घरी आली. पेट्रोलवर अलगद चालणारी जीप आता धडधडत होती, सीट थरथरत होती. गल्लीतली माणसं दारात आली. मगनला ओट्यावरच्या खाटेवर उशीला टेकवून बसवलं होतं. गाडी अंगणात शिरली तरी त्यानं आधी रस्त्याकडेच पाहिलं. हा आवाज आपल्या जीपचा, हे त्याच्या कानाला ओळखू आलं नव्हतं.

बहीणभावानं त्याला धरून गाडीपाशी आणलं, खुर्चीवर बसवलं. इंजिन सुरूच होतं. शेवंताबाईनं बॉनेटचे आकडे स्वतः सोडले आणि ते उचलून धरलं. मगननं बोट दाखवलं.

"हाऊ डिझलना पंप," ती म्हणाली.

बोट पुढे गेलं.

"तो फिल्टर. तेन्हा मांगे सेल्फ."

ती एकेक सांगत गेली, अडखळली नाही. मगननं मान वळवून इंजिनाकडे नव्हे, तिच्याकडे पाहिलं. मग त्याचं बोट पुन्हा आत गेलं आणि एका जागी घुटमळलं. रोज सकाळी तो प्लग काढून घासायचा, वायरी पुसायचा. ते सगळं तो शोधत होता.

"तठे काही नही," शेवंताबाई त्याच्याकडे वाकून म्हणाली. "डिझलले ठिणगी लागत नही. दाबमाच पेटस ते."

"हं," मगन म्हणाला.

लोटननं इंजिन बंद केलं. अंगण एकदम गप्प झालं. मगननं डावा हात मडगार्डवर ठेवला. आत तापलेलं लोखंड निवताना टक टक करत होतं, आधी भराभर, मग सावकाश. तो ऐकत राहिला. तो आवाज पुरता थांबेपर्यंत त्यानं हात उचलला नाही आणि तोवर शेवंताबाई बॉनेट वर धरून उभी राहिली.