पन्नास खुर्च्यांचं विमान

आता बघा, विमान सत्तर जणांचं, पण खुर्च्या पन्नासच! मधल्या वीस काढून तिथे खाण्यापिण्याची कपाटं ठोकलेली. का? तर मोठ्या एअरलाइनच्या पायलट युनियनचा करार! त्या एअरलाइनच्या नावावर ज्या छोट्या कंपन्या स्वस्तात विमानं उडवतात, त्यांनी मोजकी विमानं सोडून बाकीच्यांत पन्नासच्या वर खुर्च्या ठेवायच्या नाहीत. बस्स.

लोर्ना हॅग्लंड अशाच छोट्या कंपनीत पायलट. चार दिवस उडून पार आंबलेली, शिकागोच्या गेटवर पाय ओढत आली. तिकडे डुलुथला तिचा नवरा आर्विड संध्याकाळी खनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला चढणार, की मग दोन महिने सरोवरातच. डुलुथचं हे विमान चुकलं तर भेट नाही.

आणि विमान फुल्ल! उरली फक्त कॉकपिटमधली घडीची खुर्ची, जिच्यावर पायलटांना फुकट बसता येतं. तिच्यासाठी आधीच कोण उभा? तर मर्ल टोस्ट्रुड, मोठ्या एअरलाइनचा पिकलेला कॅप्टन, त्या करारावर सही करणाऱ्यांतला एक!

"काय कॅप्टन, कपाटात बसता का?" लोर्ना म्हणाली. "तुमचीच कृपा आहे."

"बसलो असतो गं, गुडघे वळत नाहीत."

"त्या वीस खुर्च्या असत्या तर दोघंही घरी गेलो असतो."

"आणि आमची सगळी उड्डाणं अर्ध्या पगारात तुझ्या कंपनीकडे गेली असती. करार केला तेव्हा आमचे शेकड्यांनी पायलट घरी बसवले होते, पोरी."

गेटवरच्या मुलीनं दोघांची ओळखपत्रं पाहिली. नियम साधा होता, विमान ज्या कंपनीचं तिचा पायलट आधी, आणि हे विमान लोर्नाच्या कंपनीचं. मर्लनं बॅग मागे घेतली.

"जा, नवरा वाट बघत असेल. पण मी उद्याही सही करीन हं," तो म्हणाला. "आणि आमच्याकडे आलीस की तूही करशील. अर्ज टाकलायस ना?"

टाकला होता. तिसऱ्यांदा. लोर्ना आत गेली आणि कॉकपिटमध्ये खुर्ची उघडून बसली.

"म्हातारा काय म्हणत होता?" विमान उडवणाऱ्या कॅप्टननं विचारलं.

"म्हणे, त्याच्या जागी मीही सही केली असती."

"मग? केली असतीस?"

लोर्नानं पट्टा ओढला, डोळे मिटले.

"केली असती रे. चल, ने आता."