मोनाचा मान

हंबीरराव पाटलांनी बायकोला जन्मात कधी लाडानं हाक मारली नाही. म्हशीला मात्र ते 'मोनाबाय' म्हणायचे. दिवाळीच्या पाडव्याला त्यांच्या गल्लीत म्हशी नटवायच्या आणि सायलेन्सर काढलेल्या गाडीमागं पळवायच्या. मालकाच्या गाडीचा आवाज ओळखून जी शेवटपर्यंत मागं पळेल तिला मान. मान म्हणजे चौकात घमेल्यात भिजवलेली पेंड ठेवायची, मानाच्या म्हशीनं पहिलं तोंड घालायचं आणि तिचं उष्टं बाकीच्या म्हशींनी खायचं. गेली चार वर्षं मोना समोरच्या अमरसिंहाच्या म्हशीचं उष्टं खात होती. वडील गेले तेव्हाही हंबीररावांना एवढं लागलं नव्हतं.

यंदा पाडव्याच्या आदल्या दिवशी मोनानं वैरणीला तोंड लावलं नाही. हंबीररावांच्या बायकोनं, विमलाबाईंनी, नवऱ्याला न विचारताच जनावरांच्या डॉक्टर तेजस्वी यांना बोलावलं. त्यांनी ताप मोजला, तोंड उघडून पाहिलं, खुरं तपासली.

"काका, हिला आठवड्याभरात कुठं बाहेर नेलं होतं?"

"शाहूवाडीला, भणीकडं. रेडा दावायला न्हेलती."

"तिकडं लाळ्या-खुरकुत आलंय. हिच्या तोंडात, खुरात अजून काही नाही, पण ताप आहे. विषाणू रक्तात फिरत असणार. आम्ही त्याला व्हायरेमिया म्हणतो. म्हैस वरून धडधाकट दिसते आणि लाळेतून, श्वासातून रोग वाटत सुटते. दहा-बारा दिवस वेगळी बांधा. उद्या मुळीच पळवू नका. लस दिली होती ना?"

"लस टोचली की दूध कमी हुतंय," हंबीरराव डॉक्टरांनाच शिकवू लागले. "आणि रक्ताचं म्हणाल, तर हिच्या रक्तात पळणं हाय. तुमचं ते इषाणू दिसतंय का कुठं?"

"दिसत नाही, तेच तर सांगतेय."

"मग न दिसणाऱ्या गोष्टीसाठी पाडवा सोडू व्हय?"

"आवो, त्या शिकल्यात. ऐका की," विमलाबाई म्हणाल्या.

"शिकल्यात त्या. म्हस माझी हाय."

डॉक्टर गेल्यावर हंबीररावांनी स्वतःच्या तापाच्या दहा गोळ्या गुळात कालवून मोनाला चारल्या. सकाळी अंगाला हात लावला तर गार लागलं. हंबीररावांच्या लेखी रोग संपला होता. त्यांनी शिंगं रंगवली, मोरपिसं खोवली, कवड्यांच्या माळा घातल्या. डॉक्टरांचे सहा फोन आले. सहाही त्यांनी कापले.

पाडव्याला बुलेटनं गल्ली हादरवली आणि मोना मागं सुटली. अमरसिंहाची म्हैस फटाक्याला बुजून साडीच्या दुकानात शिरली, आणि हंबीररावांचा फेटा वीतभर उंच झाला. मोनानं घमेल्यात तोंड घातलं. लाळेची तार पेंडीपर्यंत लोंबत होती.

"तोंडाला पाणी सुटलंय बघा मोनाच्या!" कोणीतरी ओरडलं, आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग पंचवीस म्हशींनी ते उष्टं चाटूनपुसून खाल्लं. "मोनाचं उष्टं माझी म्हस खायाची न्हाय," म्हणत एकटा अमरसिंह रुसून म्हैस ओढत घरी गेला. हरलेलं सोसत नाही म्हणून गल्ली त्याला मनसोक्त हसली.

चौथ्या दिवशी गल्लीतलं हसू आटलं, दूधही आटलं. दारोदारी म्हशी लाळ गाळत, पाय झटकत उभ्या. चौकातल्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला येणारे पैलवान रिकामे पेले घेऊन परतले. धड होती ती अमरसिंहाची म्हैस. "मला आधीच शंका आलती," तो आता रुसव्याला शास्त्राचं नाव देऊन सांगत सुटला.

"ह्यो रोग आला तरी कुठनं?" लोक एकमेकांना विचारत होते.

"हवेतनं!" सगळ्यांत मोठा आवाज हंबीररावांचा होता. त्या रात्री विमलाबाईंनी नवऱ्यापुढं ताट आदळलं.

मोना दोन दिवस बसून होती. खुरं फाटली होती, जिभेची साल निघाली होती. तिच्याकडं बघताना हंबीररावांना भडभडून यायचं, आणि ते तोंड फिरवून नाक शिंकरायचे.

"डॉक्टरबाईंना घिऊन या," शेवटी विमलाबाई म्हणाल्या. "आणि शाहूवाडीचं, गोळ्यांचं, समदं खरं सांगा."

हंबीररावांनी सवयीनं बुलेटला किक मारली. सायलेन्सर अजून बसवलाच नव्हता. गल्ली दणाणली आणि मागं दावं ताणल्याचा आवाज आला. मोना उठली होती. रक्ताळलेल्या खुरांवर थरथरत, कान टवकारून, ती गाडी निघायची वाट बघत होती.

हंबीररावांनी झटकन गाडी बंद केली. "बस गं बाय, बस," ते म्हणाले, आणि भर दारात ढसाढसा रडले.

मग त्यांनी ती अवजड बुलेट हातानं ढकलत गल्लीबाहेर काढायला घेतली. अमरसिंह दारातच होता.

"का वो हंबीरराव? गाडी बिघडली व्हय?"

"न्हाय," हंबीरराव मान वर न करता म्हणाले. "चालू केली की ती उठती."